शिवराक, पण तूप नको: गोव्यात रोजचं व्हेगन जेवण कसं जमवायचं

गेल्या श्रावणात फोंड्याच्या एका खाणावळीत मी सांगितलं, "भाऊ, मला व्हेगन पाहिजे." वाढपी आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "बाये, आमगेर सगळें व्हेजूच आसा." दुसऱ्यांदा सांगितलं, तर मालकच बाहेर आला आणि पनीर आहे म्हणाला. मग मला शाकाहारी जेवणासाठीचा इथला शब्द सुचला. म्हटलं, "शिवराक जाय, पूण तूप, दूद, ताक कांयच नाका." दोघंही एकदम मोकळे झाले. "मागीर अशें सांग मगो! खतखतें, तोंडाक, शीत आनी सोलकडी. तूप घालिना." खतखतें म्हणजे डाळ-खोबऱ्यातल्या मिश्र भाज्या, तोंडाक म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातला रस्सा, शीत म्हणजे भात. पाच मिनिटांत केळीच्या पानावर जेवण आलं. बाहेर महागडे बोर्ड लावून विकलं जाणारं व्हेगन जेवण त्याच्यापुढे मला पाणचट वाटतं.

मी हे सुरू केलं त्याला चार वर्षं झाली. घरात नवरा मासे खातो, सासूबाई सोमवार पाळतात, मी दूधही घेत नाही. तरी आमच्या चुलीवर भांडणं होत नाहीत. कारण गोव्याच्या हिंदू घरातल्या शिवराक स्वयंपाकात दाटपणा आणायचं काम साय किंवा दही करत नाही, नारळ करतो. तूप शेवटी वरून पडतं, तेवढं अडवता आलं की बरंचसं झालं. म्हणून हा लेख हणजूण, आसगाव, हरमल, पाळोळेच्या कॅफेंबद्दल नाही. तिथे टोफूचे, ओटच्या दुधाचे बोर्ड आहेत, सुट्टीत जाऊन या, मजा येते. रोज तिथे जेवणं खिशाला परवडत नाही, आणि आमटी-भाताची भूक तिथे भागत नाही.

पहिली पायरी: मागायचं कसं

शिवराक म्हणजे मासे-मटण-अंडं नसलेलं. सोमवारी आणि श्रावणात बऱ्याच घरांत कांदा-लसूणही नसतं. दूध, तूप, ताक मात्र चालतं. म्हणून शब्द शिवराकच वापरायचा, आणि पुढे तीन प्रश्न जोडायचे.

एक, तूप कुठे पडतं? वरणावर, भातावर, शिऱ्यात आणि नैवेद्याच्या गोडात. फोडणी बहुधा खोबरेल किंवा साध्या तेलाची असते, तरी विचारून घ्यावं. दोन, ताक-दही कशात आहे? कोशिंबिरीत, बन्समध्ये (केळ्याच्या पुऱ्यांत) आणि "कढी" या शब्दात. सोलकढी नारळाच्या रसाची, पण नुसती "कढी" मागितलीत तर काही ठिकाणी ताकाची येते. तीन, आणि हा प्रश्न मराठी वाचकाला सुचत नाही: भाजीत सुंगटं (कोळंबी) किंवा गालमो आहे का? गालमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. दुधी, भेंडी, मुळ्याच्या भाजीत ती चवीला टाकायची सवय इतकी जुनी आहे की वाढणाऱ्याला ती मासळी वाटतच नाही. एकदा मला "फक्त भाजी आहे" म्हणून वाढलेल्या मुळ्यात दाताखाली काहीतरी कुरकुरलं. त्या माणसाने खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. त्याच्या हिशेबी ती भाजीच होती.

मासळीच्या थाळीच्या ठिकाणी आणखी एक गोष्ट. निरफणसाची, सुरणाची, वांग्याची कापं रवा लावून तव्यावर तळतात, आणि तवा बहुधा इसवण (सुरमई) तळलेलाच असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी "तवो वेगळो आसा?" एवढं विचारावं. वेगळा नसेल तर कापं सोडून तोंडाक मागावं.

एक सावधगिरी तर खास लक्षात ठेवा, कारण तिचा घोटाळा मी स्वतः केलाय. गोव्यात नारळाच्या दुधाला रोस म्हणतात. संध्याकाळी गाड्यावर "रोस" मिळतो तो मात्र शाकुतीचा, म्हणजे बहुतेक वेळा चिकनचा रस्सा. त्यात ऑमलेट बुडवलं की रोस-ऑमलेट. मी डिचोलीच्या एका गाड्यावर मोठ्या उत्साहाने "अरे वा, रोस-पाव!" म्हणून प्लेट हातात घेतली होती.

दुसरी पायरी: सकाळ सोपी आहे, तिचा फायदा घ्या

गोव्यातली सकाळ व्हेगन माणसाला देवाने दिलेली आहे. पणजीत कॅफे टाटो किंवा कॅफे भोसलेसारख्या जुन्या हॉटेलांत, म्हापशा-मडगावच्या बाजारपेठेत, कुठल्याही तालुक्याच्या गावात सकाळी भाजी-पाव मिळतो. सुकी भाजी बटाट्याची, पातळ भाजी वाटाण्याची किंवा चण्याची, कधी अळसांद्यांची (चवळीसारखं गोव्याचं कडधान्य), कधी मशरूमची. वाटणात खोबरं, फोडणीत तेल. सोबत मिरची भजी घ्या, बेसनाचीच असते. बन्स मात्र टाळा. पिकलेलं केळं आणि मैदा यांच्या जोडीला त्यात बहुतेकदा दही असतं. काही हॉटेलवाले हल्ली भाजीवर लोण्याचा गोळा सोडतात, म्हणून मागतानाच "बटर नाका" म्हणायचं.

आता पावाचं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों-पों करत येतो, दुपारनंतर पुन्हा एक फेरी. टोपलीवरचं प्लास्टिक त्याने उचललं की बघून घ्या. उंडो गोल, कडक पाठीचा. कातरो कडेला कातरलेला. काकणं बांगडीसारखी, चहात बुडवायची. आणि पोळी. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण ही आपली पोळी नव्हे. कोंडा लावलेली, आतून पोकळ, ऊन असताना हातात धरली की फुगा हळूच बसतो आणि बोटांना कोंडा चिकटतो. पूर्वी हे पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, फार तर चिमूट साखर; पोदेराकडच्या साध्या पावात दुधाचं काम नसतं. बेकरीतल्या मऊ, गोडसर, वरून चकचकीत बनमध्ये दूध, लोणी किंवा अंडं असू शकतं, तो घेताना विचारा. ओळखीच्या पोदेराला एकदा विचारून ठेवलं की जन्माचं काम झालं.

अकराच्या सुमाराला भूक लागली तर उकड्या तांदळाची पेज. सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कोवळी कैरी, किंवा आंब्याचं मिस्काट. लोणच्याच्या बरणीत मोळो किंवा बालशांव दिसलं तर हात आवरा, ती माशांची आणि कोळंबीची लोणची.

तिसरी पायरी: बाजार, ऋतूप्रमाणे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा. नाहीतर पणजीच्या मार्केटाबाहेर गावठी भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे जा. दुकानातल्या भाजीने व्हेगन जेवण महिनाभरात कंटाळवाणं होतं, आणि लोक पनीरकडे परत वळतात ते याच कंटाळ्याने.

पावसात तायकिळो येतो, आपला टाकळा. कोवळी पानं, खोबरं आणि फणसाच्या आठळ्या. तेरें आणि अळू घेताना सोबत आंबाडे किंवा सोलं (आमसुलं) घेतल्याशिवाय घरी येऊ नका, आंबट पडलं नाही तर घसा खवखवतो. किल्ल, म्हणजे बांबूचे कोंब, चिरून पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. ओळमी ही वारुळावर उगवणारी रानअळंबी. वर्षातून दोनदा घेतली तरी पुष्कळ, आणि तीही माहीतगार विक्रेत्याकडूनच. स्वतः रानात जाऊन अळंबी खुडायचं धाडस करू नका, विषारी आणि बरी यांत फरक करणं फोटो बघून जमत नाही.

हिवाळ्यात आगशीची वांगी. त्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय. भरून करा किंवा कापं करा. उन्हाळ्याच्या तोंडावर बिबे, म्हणजे ओले काजूगर. सोलताना हाताला खोबरेल चोळा, सालीतला चीक कातडी जाळतो. बिब्यांचं तोंडाक जिभेवर गेलं की मांसाहारी पाहुणेही दोन क्षण गप्प होतात. मग आंबे आले की सासव: पिकलेले रायवळ आंबे, वाटलेलं खोबरं-मोहरी, गूळ. अननसाचंही होतं. त्यात दुधाचा थेंब लागत नाही.

काय काय घ्यायचं हे सुचेना तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी दोन दिवस बाजारात चक्कर मारा. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी रानातलं काय काय येऊन पडतं ते बघून अर्ध्या वर्षाची यादी डोक्यात बसते.

चौथी पायरी: रोस काढायला शिका, मग खतखतें

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा.

एक नारळ खवा, साधारण दोन-सव्वादोन वाट्या खव होतो. आमच्याकडे त्याला सोय म्हणतात. वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये फिरवा, मलमलच्या फडक्यातून पिळा. हा दाट रोस, बाजूला ठेवा. चोथ्यात दीड वाटी पाणी घालून परत फिरवा, पिळा. हा पातळ रोस. भाजी शिजवायची पातळ रोसात. दाट रोस शेवटी, आच अगदी मंद करून. खदखदू दिला की फाटतो. सासूबाई रोस घातला की चुलीजवळून हलत नाहीत, डाव सावकाश फिरवत उभ्या असतात. मी फोन घ्यायला गेले त्या दिवशी रोसाचं तेल आणि पाणी वेगळं झालेलं होतं.

सोलकढीला तर आच लावायचीच नाही. आठ-दहा सोलं वाटीभर पाण्यात अर्धा तास भिजवा, चुरगळा, गाळा. दोन वाट्या रोस, दोन लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून, मीठ. बस्स. चारपाच तासांत संपवा.

खतखतें चार-पाच जणांसाठी असं. अर्धी वाटी तूरडाळ मऊ शिजवून घ्या. भाज्या किमान पाच: सुरण, कणगं किंवा रताळं, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, निरफणस, लाल भोपळा. विषम आकड्याचा हट्ट आमच्याकडे आहे, तुम्ही नाही धरला तरी चालेल. फोडी मोठ्या ठेवा. सुरणाच्या फोडी आधी दहा मिनिटं सोलांच्या पाण्यात. कडक भाज्या आधी, शेंगा आणि केळं नंतर, भोपळा सगळ्यात शेवटी. भाज्या नव्वद टक्के शिजल्या की डाळ घाला. दीड वाटी खोबरं, पाच-सहा सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद बारीक वाटून तेही घाला. सुपारीएवढा गूळ, मीठ, चार-पाच सोलं.

आता तिरफळं. आठ-दहा घ्या, आतली काळी बी काढून टाका, ती कडू असते. सालं किंचित ठेचून थोड्या पाण्यात बुडवा आणि ते पाणी सालांसकट उकळीत सोडा. वाटणात घालून वाटू नका, सगळं कडवट होईल. पाच मिनिटांत स्वयंपाकघराचा वासच बदलतो, थोडा लिंबाच्या सालीसारखा, थोडा मिरीसारखा. गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल. याला फोडणी लागत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चांगलं लागतं, म्हणून मी नेहमी जास्तच करते आणि डब्याला नेते.

तोंडाकाचं थोडक्यात: अळसांदे रात्री भिजवून शिजवा. खोबरं, कांदा, धणे, मिरी, लवंग, सुकी मिरची तेलावर खमंग तांबूस होईपर्यंत भाजून वाटा, घाला, उकळा. पोळीबरोबर खा. मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी केल्या की आठवड्याच्या डाळींचा प्रश्न सुटतो.

पाचवी पायरी: गोड

बिबिंका, ही गोव्याची थराथरांची मिठाई, विसरा. अंड्याचं पिवळं आणि तूप हाच तिचा जीव आहे. 2023 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे फोटो फिरले आणि मला चार जणांनी "ही तरी खा" म्हणून पाठवले.

तिच्याऐवजी पातोळ्यो. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, गूळ-खोबऱ्याचं चून पसरायचं, पान मिटून वाफवायचं. हिंदू घरांत नागपंचमीला, ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या फेस्ताला, म्हणजे शेजार चांगला असेल तर पावसाळ्यात दोनदा मिळतात. मणगणें चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि रोसाचं. काजू तुपात परतून घालतात तेवढं आधी सांगून ठेवा. शिरवळ्यो, म्हणजे तांदळाच्या शेवया, रोसात बुडवून. नाचण्याचं तिजान, म्हणजे गोड लापशी. दोदोल तांदळाचं पीठ, रोस आणि काळ्या गुळाचं, पण विकतच्यात कधी तूप असतं. जत्रेतलं खाजें बेसन, गूळ, आलं, तिळाचं; कशात तळलंय एवढं विचारा आणि पुडी बांधून घ्या.

सहावी पायरी: पाकिटं आणि चहा

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी; त्यात दूध, मध सगळं बसतं. व्हेगनसाठी एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम 2022 साली आले आणि हिरव्या चौकटीत पान फुटलेला व्ही असं चिन्ह ठरलं. ते नसलं म्हणून वस्तू व्हेगन नाही असं नव्हे. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिनेट शोधा. नारळाच्या दुधाच्या पावडरीत सोडियम केसिनेट असतं पुष्कळदा, आणि ते दुधाचंच प्रथिन. नारळ म्हटलं की आपण डोळे मिटून घेतो, तिथेच फसतो.

चहाचं रडगाणं मी लांबवत नाही. रोस चहात फाटतो आणि चव कोकणी आमटीची येते. काजू भिजवून पाण्यात अगदी बारीक वाटलेलं दूध बरं लागतं, काजूचे तुकडे स्वस्त पडतात. मी स्वतः शेवटी काळ्या चहावर आले. पहिले पंधरा दिवस वाईट गेले.

सातवी पायरी: अंगाकडे बघा

बी-12 ची गोळी घ्याच. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, आंबवलेल्या पिठातूनही नाही. सुरुवातीला आणि नंतर वर्षातून एकदा रक्त तपासून डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. कॅल्शियमला नाचणे उत्तम, शंभर ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम; तिजान हे औषध नाही, नाश्ता आहे, म्हणून रोज खपतं. अळसांदे-मुगातल्या लोहासाठी ताटात लिंबाची फोड हवी.

एक गोव्यापुरती गोष्ट. मासे सुटले की आयोडीनचा मोठा आधार जातो. आणि आपल्या मिठागरातलं जाडं मीठ, जे मला चवीला फार आवडतं, त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. मी आता ते लोणच्याला आणि तोरांना ठेवते; रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त.

आठवी पायरी: चवथ, लग्न, मावशी

लग्नात पंगत असेल तर आचाऱ्याला गाठा, यजमानाला नाही. यजमान "हो हो" म्हणतो आणि विसरतो. आचारी कढईकडे बोट दाखवून सांगतो, यात तूप आहे, यात नाही. देवळाच्या महाप्रसादालाही हाच उपाय. भात, खतखतें, भाजी घ्यायची, वरणावर तूप पडायच्या आत पान पुढे करायचं.

घरच्यांचं जास्त अवघड. माझी एक मावशी पेडण्याला असते. पहिल्या चवथीला मी तिच्याकडे जेवायला बसले आणि एकेक वाटी बाजूला सारत गेले. ती काही बोलली नाही. रात्री आईला फोन करून म्हणाली, "तुझ्या चेडवाक माझ्या हातचें रुचना जालां." त्यानंतर मी एक केलं. जेवायच्या दिवशी काही सांगायचं नाही, आदल्या संध्याकाळी फोन करायचा आणि मदतीला लवकर जायचं. मावशी नारळ फोडते, मी खवते. गेल्या वर्षी मणगण्यात काजू घालायच्या आधी तिने एक स्टीलचा डबा काढला, दोन डाव आत ओतले आणि झाकण लावून फ्रीजवर ठेवला. मग कढईकडे वळून तूप घातलं. नंतर आलेल्या मामाने तो डबा उघडला तेव्हा आतूनच ओरडली, "तो नाका रे, तो हिचो."